सव्वा मुठीचा हिशोब

पाचोऱ्याला उतरलो तो रोट खायचाच, असं ठरवून. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे खानदेशात कानबाई देवीचा सण आणि तिच्या नैवेद्याचे रोट. पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आलो होतो. बसून म्हणजे दाराशी, दुसऱ्याच्या गोणीवर. स्टेशनबाहेर आधी पीजेची चौकशी केली. पीजे म्हणजे पाचकळ विनोद नव्हे, पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरची चिमुकली नॅरोगेज रेल्वे. रिक्षावाला म्हणाला, "ती २०२० पासून बंद शे, भाऊ." म्हणजे पहिला पीजे माझ्यावरच झाला.

मित्राच्या घरी कानबाई बसली होती. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर नवी साडी. आत चुलीपाशी रोट चालले होते. तळव्याएवढा जाड, पुरणानं टम्म, वर तूप. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याची भाजी. मी ताटाकडे सरकलो.

काकू म्हणाल्या, "तुमले रोट देता येस नही."

कारण हिशोब पक्का असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ, आणि ते भाऊबंदांनीच खायचं. पाळण्यातल्या चार महिन्यांच्या नातवाचीही सव्वा मूठ धरलेली. त्याला एक दात नाही. मला तीस आहेत, पण मूठ नाही.

रिकाम्या ताटाकडे बघताना मला थायलंड आठवलं. तिथं भल्या पहाटे बौद्ध भिक्षू पात्र घेऊन निघतात, लोक भात वाढतात आणि वाढणाऱ्याला पुण्य लागतं. दुपारी बारानंतर मात्र भिक्षूनं जेवायचं नाही. इथं साडेबारा वाजले होते आणि माझं पात्र कोरडं. माझ्यामुळे पुण्य लागावं अशी पाचोऱ्यात कुणाला निकडही दिसेना.

शेवटी माझ्यासाठी वेगळ्या पिठाच्या साध्या पोळ्या आल्या. त्याच पंगतीत मित्राची बहीण बसली, भुसावळला दिलेली. लग्नानं कूळ बदललं, म्हणून रोट तिलाही नाही. "मळले मीच, थापले मीच," ती पोळी मोडत म्हणाली. देवी बाई, राबणाऱ्या बाया, आणि मोजणी पुरुषांची! मला काही हे पटलं नाही. माझ्या रिकाम्या पोटाचं मत म्हणून सोडून द्या हवं तर.

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. बाया डोक्यावर देवी घेऊन अशा नाचल्या की बँडवाले धापा टाकू लागले.

बुधवारी मित्राचा फोन आला, आवाज रडवेला. केलेलं पीठ पौर्णिमेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचं असतं, आणि त्याचा पुण्यातला चुलतभाऊ यंदा आलाच नव्हता. त्याच्या वाटणीचे रोट चौथ्या दिवशीही हाच दुधात कुस्करून खात होता.

तेव्हा रोटांना जायचं असेल, तर आधी मित्राच्या कुळात जन्म घ्या. नसेल जमत, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जा. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी तेव्हा पाहुण्यालाही वाढतात, आणि नको म्हटलं तरी वाढतात.