आलेली लक्ष्मी परत जात नसते

मंगल कार्यालयाचा मॅनेजर हा महाराष्ट्रातला सर्वांत श्रद्धाळू माणूस. पावतीपुस्तकावर गजानन, टेबलाच्या काचेखाली कुलदैवत, आणि मनात एकच अढळ श्रद्धा, की दारी आलेली लक्ष्मी परत पाठवली की ती रुसते. त्यामुळे अनामत परत न देण्यामागे लोभ नसतो हो, धर्मसंकट असतं.

आमच्या शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नासाठी कार्यालय घेतलं, आठशे पानं सांगितली, दीड लाख भरले. तारीख एप्रिल 2021मधल्या शेवटच्या रविवारची. लग्न तीन दिवसांवर आलं आणि 22 एप्रिलच्या रात्री आठपासून कोरोनामुळे सरकारच्या 'ब्रेक द चेन'चे नवे निर्बंध लागू झाले: लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, जास्तीत जास्त 25 माणसांत, नियम मोडला तर दंड 50 हजार. आपल्याकडे दोन तासांत रुसलेल्या मामाची समजूतही निघत नाही. शेजारी कार्यालयात गेले.

"काका, आम्ही कुठे नाही म्हणतोय? हॉल उघडाच आहे. रद्द तुम्ही करताय."

"अहो, पण आठशे पानांचं काय?"

"पार्सल देऊ की!"

मग पावती उलटी करून दाखवण्यात आली. मुंगीनेही चष्मा लावावा अशा अक्षरांत तिथे लिहिलं होतं, की पाऊस, वीज, संप, दंगल, सरकारी आदेश यांपैकी कशानेही कार्य झालं नाही तर कार्यालय जबाबदार नाही आणि अनामत कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. आभाळातून पडेल ते यजमानाच्या डोक्यावर, गल्ल्यात पडेल ते कार्यालयाचं. उदार मनाने पुढची तारीख मात्र देऊ केली: डिसेंबरातला एक मंगळवार, नव्या दराने. त्या दिवशी मुहूर्त नाही म्हटल्यावर मुंज, वास्तुशांत, एकसष्टी असं सगळं सुचवून झालं. शेजाऱ्यांना एकच मुलगी, आणि तिचं लग्न जूनमध्ये घरच्या घरी उरकायचं ठरलेलं.

"मग काय, तोवर बारसं निघेलच," मॅनेजर म्हणाला.

शेजारी निवृत्त हेडक्लार्क. असा माणूस रागावत नाही, कलमं शोधतो. भारतीय करार कायद्याचं कलम 56 सांगतं, की ठरलेली गोष्ट करणं नंतर अशक्य किंवा बेकायदा झालं तर तो करार रद्दबातल; आणि कलम 65 सांगतं, की अशा करारापोटी जे पदरात पडलं ते ज्याचं त्याला परत करावं. आठशे माणसांचं लग्न त्या रविवारी बेकायदाच होतं. शेजाऱ्यांनी हे वाचून दाखवलं. मॅनेजरने कायद्याचं साल विचारलं. 1872.

"बघा! आणि आमची पावती 2020ची."

जीएसटीचं रडगाणं वेगळं. तो म्हणे सरकारात गेला, आता आणायचा कुठून? आगाऊ पैसे घेतले आणि सेवा दिलीच नाही, तर त्यासाठी जीएसटी कायद्यात रिफंड व्हाउचर नावाचा कागद आहे. पण हा कागद छापणारा छापखाना कार्यालयवाल्यांना अजून सापडलेला नाही.

हेडक्लार्क तरीही रागावला नाही. त्याने ग्राहक आयोगाची माहिती काढली: 2019च्या कायद्यात एकतर्फी जाचक कराराला 'अनुचित करार' म्हटलंय, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. ही सगळी माहिती टाइप करून, शेवटी 'कळावे' लिहून, नोटीस रजिस्टर पोस्टाने धाडली. पोचपावती जपून ठेवली.

ज्या लक्ष्मीला उंबरा ओलांडवत नव्हता ती पंधरवड्यात चेकवर बसून आली. थोडी रोडावून. कार्यालयाने हिशेब जोडला होता: बुकिंग रजिस्टर खर्च, वीज आकार, आणि अक्षता झाडून काढण्याचे पंधराशे. न पडलेल्या अक्षता कुठल्या केरसुणीने झाडल्या हे विचारायला शेजारी पुन्हा गेले आणि म्हणाले, "निदान या पंधराशेची तरी पावती द्या."

"पावत्या बंद केल्यात, काका," मॅनेजर म्हणाला. "लोक हल्ली मागचं वाचायला लागलेत."