एका गोंगाटाचे शास्त्र

ज्या दालनात शेकडो माणसे एकाच वेळी मोठ्याने वाचतात, हातवारे करतात आणि समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर तोडतात, त्यास मराठी माणूस मंडई म्हणेल. तेल अवीवला लागून असलेल्या ब्नेई ब्राक शहरात मात्र त्यास अभ्यासगृह म्हणतात. तेथील टेकडीवरची पोनेवेझ येशिवा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या उच्च अध्ययनाची पाठशाळा, मूळची लिथुएनियातील. दुसऱ्या महायुद्धात मूळ संस्था बंद पडली व तिच्या भोवतीचा समाज नष्ट केला गेला, आणि रब्बी योसेफ श्लोमो काहानेमन यांनी 1944 मध्ये तिची येथे पुनःस्थापना केली. तिच्या मुख्य मजल्यावर ‘बेत मिद्राश’, म्हणजे अध्ययन व प्रार्थना या दोहोंसाठी असलेले प्रशस्त दालन आहे. ग्रंथांची कपाटे दिसताच पाहुणा सवयीने पावले न वाजवता चालू लागतो. पण त्याने घोड्यावरून प्रवेश केला असता, तरी येथे कोणाच्या ते लक्षात आले नसते.

जेरुसलेमच्या दिशेकडील भिंतीशी ‘आरोन कोदेश’, म्हणजे तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या ठेवण्याचे पवित्र कपाट आहे. सोन्याचा मुलामा दिलेले, कोरीव कामाने नखशिखांत नटलेले हे सतराव्या शतकातील कपाट इटलीतील मांतुआ शहरातून येथे आणण्यात आले. पाहुण्याची नजर त्यावरून हटत नाही आणि विद्यार्थ्याची तिकडे वळत नाही, कारण समोरच्याचा मुद्दा नेमका कोठे लंगडा पडतो हे शोधत असलेल्या माणसास इटालियन कलेसाठी सवड कोठून असणार?

फर्निचरपैकी ‘श्टेंडर’, म्हणजे ग्रंथ ठेवण्यासाठी उतरत्या फळीचा उभा घोडा, विशेष निरखण्यासारखा आहे. वाचक त्यावर कोपरे टेकतो, वाचताना पुढेमागे झुलतो आणि वाद रंगात आला की त्यासही आपल्याबरोबर झुलवतो. ग्रंथांच्या मांडणीतही मानमरातब काटेकोर असतो: तोराच्या पंचग्रंथीवर तालमूद ठेवायचा नाही, उघडे पुस्तक पालथे घालायचे नाही आणि हातून पडलेच तर उचलून त्याचे चुंबन घ्यायचे, असे संकेत आहेत. अर्थात, ज्या पुस्तकास एवढा मान, त्यातील विधानास मात्र येथे विनाचौकशी सोडले जात नाही.

या शिस्तबद्ध अविश्वासाचे मूळ तालमूदाच्या पानातच आहे. तालमूद म्हणजे ‘मिश्ना’ हा संक्षिप्त विधिसंग्रह आणि त्यावरील ‘गेमारा’ नावाची विस्तृत चर्चा. मधोमध हा मूळ मजकूर असतो आणि बांधणीकडील बाजूस अकराव्या शतकातील फ्रेंच पंडित ‘राशी’ यांचे भाष्य असते, ज्यांचा पंचांगाशी काहीही संबंध नाही. बाहेरील बाजूस असतात ‘तोसाफोत’, म्हणजे पुढील दोन शतकांतील पंडितांच्या टिपा, आणि या पंडितांत खुद्द राशींचे नातू आघाडीवर आहेत. आजोबांनी एका बाजूस अर्थ सांगावा व नातवाने दुसऱ्या बाजूस तो खोडून काढावा, हा घरगुती प्रकार व्हेनिसच्या डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने 1520 ते 1523 या काळात संपूर्ण तालमूद छापताना याच मांडणीत पक्का केला. प्रत्येक प्रकरणग्रंथाची सुरुवात दुसऱ्या पानापासून होते, त्यामुळे पहिले पान वाचले असे सांगणारा विद्यार्थी तत्काळ पकडला जातो.

एवढे वाद एकट्याने पेलणे शक्य नसल्याने अध्ययन जोडीने होते; या जोडीस ‘हव्रुता’ म्हणतात. एक जण वाचतो व अर्थ लावतो, दुसरा तो अर्थ टिकू देत नाही. शंका चढ्या सुरात, उत्तर उतरत्या सुरात, आणि युक्तिवादाचे वळण येताच अंगठा हवेत खालून वर असा फिरतो, की जणू मुद्दा जमिनीतून उकरून काढला जात आहे. विषय पुष्कळदा अगदी साधा भासतो: दोघांनी एक वस्त्र धरले आहे आणि प्रत्येक जण म्हणतो की सगळे माझे, तर शपथ घेऊन अर्धे-अर्धे करावे, परंतु एक सगळ्यावर व दुसरा अर्ध्यावरच हक्क सांगत असेल, तर पहिल्यास पाऊण व दुसऱ्यास पाव मिळते, कारण वाद मुळी अर्ध्याचाच होता. हे एक वस्त्र सोडवण्यात आठवडेच्या आठवडे जातात, आणि त्यास रिकामटेकडेपणा म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, की रॉबर्ट ऑमन व मायकेल माश्लर या गणितज्ञांनी याच नियमाच्या आधारे तालमूदातील दिवाळखोरीचे एक जुने कोडे 1985 मध्ये खेळ-सिद्धांताने उलगडले. त्यांपैकी ऑमन यांना पुढे 2005 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

भांडखोर जोडीदाराचे मोल तालमूदातीलच एका कथेत सांगितले आहे. रब्बी योहानान यांचे सहाध्यायी रेश लाकिश निवर्तल्यावर त्यांना दुसरा विद्वान जोडीदार देण्यात आला, आणि हा बिचारा त्यांच्या प्रत्येक विधानास दुजोरा देणारा आधार काढून देऊ लागला. रेश लाकिश एकेका विधानावर चोवीस आक्षेप घेत, त्यांची चोवीस उत्तरे देताना विषय उजळून निघे. नुसती री ओढणाऱ्याचा काय उपयोग, अशी योहानान यांची तक्रार होती. होयबांच्या बळावर संस्था चालवणाऱ्यांना ही तक्रार विक्षिप्त वाटणे स्वाभाविक आहे.

सगळे आक्षेप मिटतातच असेही नाही. जेथे दोन्ही पक्ष तुल्यबळ ठरतात तेथे तालमूद ‘तेकू’ असा शेरा मारतो, म्हणजे प्रश्न अनिर्णीत राहतो. परंपरेनुसार त्याचा निकाल प्रेषित एलिया येऊन लावणार आहेत. तोवर चर्चा बंद ठेवावी असे मात्र कोणासही वाटत नाही. म्हणून या मजल्यावर आलेल्या पाहुण्याने एक पथ्य अवश्य पाळावे: एखाद्या विद्यार्थ्याने आस्थेने काही समजावून दिले, तर ‘अगदी पटले’ म्हणून मान डोलावू नये, निदान एक बरीशी शंका काढावी, त्याहून मोठा सत्कार त्या बिचाऱ्याचा दुसरा होणार नाही.