जरा गाडी बघायला येता का?

प्रत्येक घराण्यात एक गृहस्थ 'गाडीतलं कळणारे' म्हणून नेमलेले असतात. नेमणूक कुणी केली हे कुणाला आठवत नाही आणि राजीनामा कधीच मंजूर होत नाही. आमच्याकडे हे पद माझ्याकडे आलं एका लग्नात. वऱ्हाडाची गाडी ऐन कार्यालयाच्या दारात बंद पडली होती, चार तगडे पाहुणे धक्का मारायला बाह्या सरसावून उभे होते, आणि मी आपलं सहज म्हणालो, "बॅटरीचं टर्मिनल बघा, सैल असेल." निघालंही तसंच. टर्मिनलवर साचलेली पांढरी पूड खरवडली, नट आवळला, गाडी सुरू. त्या दिवशी पंगतीत मला जिलबीचा आग्रह नवरदेवाच्या खालोखाल झाला.

तेव्हापासून फोन येतात. "दाजी, रविवारी मोकळे आहात का? जरा गाडी बघायला येता का?" आता इतक्या वर्षांनी मला कळून चुकलंय की जुनी गाडी 'बघायला' बोलावणारा माणूस टोकन देऊन आलेला असतो. ठराव घरी मंजूर झालेला असतो, मी फक्त अनुमोदक. गाडीचा रंग बायकोला आवडलेला असतो आणि नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज सहा येत असते. यापुढे इंजिनाची काय टाप?

मेहुण्याचंही तेच. जाहिरातीत लिहिलं होतं, 'डॉक्टरची गाडी, सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, शोरूम कंडिशन.' विकाऊ गाड्यांपैकी निम्म्या डॉक्टरांच्या असतात. हे लोक पेशंट तपासतात कधी, असा प्रश्न पडावा. डॉक्टर संपले की बँक मॅनेजर, ते संपले की 'लेडीज वापर'. 'ट्रॅव्हलवाल्याकडे रात्रंदिवस पळालेली' अशी जाहिरात मी अजून वाचलेली नाही. मग त्या गाड्या जातात कुठे? त्याही यथावकाश डॉक्टरांच्या होतात.

कात्रजच्या पुढे एका मोकळ्या मैदानात ती उभी होती, चकाचक पुसलेली. टायरांना काळं पॉलिश. एजंट तरुण आणि हसतमुख. "साहेब, इंजिन एकदम मक्खन आहे." मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"आत्ताच धुवायला काढली होती," तो म्हणाला.

जुनी गाडी गारच बघावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होताना जे बोलते ते नंतर दिवसभर बोलत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. थंडीत थोडी वाफ येते, ती सोडून द्यावी. पण पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जळतंय, म्हणजे हेड गॅस्केटचं काम. ऑइलचं झाकण उघडून आतून बघावं. दुधाळ फेस दिसला तर टोकन विसरावं आणि घरी जावं. हे सगळं मी मेहुण्याला सांगत होतो तेव्हा तो आत बसून टचस्क्रीनवर ब्लूटूथ जोडत होता.

मीटर म्हणत होता, बत्तीस हजार किलोमीटर. मी खाली वाकून ब्रेकचं पेडल बघितलं. त्यावरच्या रबराच्या रेघा पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि एका कोपऱ्यातून लोखंड डोकावत होतं. स्टिअरिंगही घासून चकाकत होतं.

"पार्किंगमध्येच उभी असायची, साहेब," एजंट म्हणाला.

"मग डॉक्टर उभ्या उभ्या ब्रेक दाबायचे का?"

तो मनापासून हसला. या धंद्यातली माणसं रागावत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

टायरच्या कडेला एका लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पॉलिश कितीही मारा, जन्मतारीख पुसत नाही. काचांवरही कोपऱ्यात सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि पुढची एकटीच दोन वर्षांनी धाकटी असेल, तर तिला काय झालं होतं ते विचारायला हरकत नाही. नुसता दगड लागला असेल, नाहीतर बरंच काही. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागून मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नये, आत एअरबॅगच नसण्याची शक्यता असते.

आणि सीटबेल्ट. तो शेवटपर्यंत ओढून बघावा. हे मी हटकून करतो, कारण २००५ची मुंबईतली २६ जुलै, २०१९चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, २०२१चं चिपळूण, या सगळ्यांत बुडालेल्या गाड्यांचं काय झालं असेल याचा विचार गाडी घेणाऱ्याने एकदा तरी करावा. सीटकव्हर नवं घालता येतं, अत्तर मारता येतं, पण पट्ट्याच्या पार आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात बोट फिरवावं. मी फिरवलं. कोरडं होतं. एजंटाच्या चेहऱ्यावर 'बघा, म्हटलं नव्हतं?' असा भाव.

कागदपत्रांपाशी आलो तेव्हा मेहुण्याने जांभई दिली. आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून होता. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरटीओत उतरवावा लागतो, त्याशिवाय गाडी नावावर होत नाही. फॉर्म २९ आणि ३० मात्र तयार होते. मालकाच्या सह्या केलेले आणि बाकी कोरे. विकणारा सही ठोकतो, पैसे मोजतो आणि सुखाने झोपतो. गाडी कागदोपत्री त्याचीच राहते. मग कुणीतरी कोल्हापुरात सिग्नल तोडतो आणि चलन येतं पुण्यातल्या डॉक्टरांना. विम्याचंही तसंच. विमा नव्या मालकाच्या नावावर करता येतो, पण त्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आधीच्या मालकाने पाच वर्षं सांभाळून चालवल्याची पन्नास टक्के सवलत आपल्याला का मिळावी?

"दाजी, तुमचं एकूण मत काय?" मेहुण्याने शेवटी विचारलं.

मी म्हटलं, "घेऊ नकोस."

"हो ना, मलाही वाटलंच. म्हणजे वीस हजार कमी करून घेतो."

घेतली. दसऱ्याला झेंडूची माळ घातली, आणि येईल त्याला सांगितलं, "आमच्या दाजींनी स्वतः तपासून दिलीय." त्यामुळे ती गाडी जिथे बंद पडते तिथून फोन मला येतो.

खरं तर ती बंद फारशी पडत नाही. आवाज करते. आणि गाडीच्या आवाजांचं असं आहे की गॅरेजच्या फाटकातून आत गेल्यावर ते थांबतात. मग मेहुणा मिस्त्रींना तोंडाने आवाज काढून दाखवतो. फोनवरही काढतो. भर ऑफिसात मी 'कट्‌ कट्‌ कट्‌ की खुळ्ळ खुळ्ळ? नीट काढ' असं विचारत असतो तेव्हा शेजारची मंडळी काम थांबवून ऐकतात. पूर्ण वळण घेताना कट्‌ कट्‌ आलं तर अ‍ॅक्सलचा जॉइंट, खड्ड्यात खटखट आलं तर बहुधा लिंक रॉड किंवा बुश, ब्रेक दाबल्यावर बारीक चीं आलं तर पॅड संपत आलेत. मिस्त्री मात्र यातलं काहीच बोलत नाहीत. ते कपाळाला आठ्या घालून ऐकतात आणि म्हणतात, "खोलून बघायला लागंल."

खोलल्यावर ते झिजलेला पार्ट कळकट फडक्यात धरून दाखवतात आणि आपण एक्स-रे बघावा तशी गंभीरपणे मान हलवतो. "ओरिजिनल टाकू का लोकल?" हा पुढचा प्रश्न. ओरिजिनलची किंमत ऐकून मेहुणा नाना पेठेत जातो, तिथे त्याच पार्टच्या तीन किमती ऐकतो आणि गोंधळून मलाच फोन करतो. मागच्या पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. उंदीर गेले की नाही माहीत नाही. पण मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, एक पुडी उचलली, चुना मागितला आणि मग कामाला लागले.

आता त्याने ती विकायला काढलीय. जाहिरात त्यानेच लिहिली: 'फॅमिली वापर, तज्ज्ञांनी तपासलेली.' गिऱ्हाईक येणार म्हणून तज्ज्ञाला सकाळीच बोलावून घेतलं. एक तरुण जोडपं आलं, सोबत पांढऱ्या मिशांचे एक काका. तरुण थेट आत बसून ब्लूटूथ जोडू लागला. काकांनी शांतपणे बॉनेटवर हात ठेवला.

"आत्ताच धुवायला काढली होती," मेहुणा म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांना जरा बाजूला घेऊन मी हळूच विचारलं, "टोकन दिलंय का?"

"काल रात्रीच," ते म्हणाले.