आयफोनधारकांसाठी आचारसंहिता (जुन्नर-आंबेगाव विभाग)

टोमॅटोला बाजार मिळाला की आमच्याकडे आयफोन वाढतात आणि बाजार पडला की हप्ते. २०२३ च्या जुलैत नारायणगावला २० किलोच्या कॅरेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून या विषयावर अधिकृत मार्गदर्शनाची उणीव भासत होती. ती भरून काढण्यासाठी आमच्या पुतण्याचे दीर्घ निरीक्षण करून पुढील नियम तयार केले आहेत. पुतण्याची परवानगी घेतलेली नाही.

नियम पहिला, मुहूर्त. आमच्या घरात पितृपक्षात झाडूसुद्धा विकत आणत नाहीत. कंपनी मात्र नवा फोन सप्टेंबरातच काढते. २०२४ ला तो २० सप्टेंबरला दुकानात आला, २०२५ ला १९ सप्टेंबरला, आणि दोन्ही वेळा भर पितृपक्षात. खरा भक्त अशा वेळी डगमगत नाही. पुतण्याने फोन पितृपक्षात आणला, खोके देव्हाऱ्याखाली ठेवले आणि घटस्थापनेला फोडले. पितर राजी, कंपनीही राजी. खरेदीसाठी चाकणची कोंडी सोसून थेट पुण्याला, कोरेगाव पार्कला जावे. ४ सप्टेंबर २०२५ पासून तिथे कंपनीचे स्वतःचे दुकान आहे. ज्याला मिरवायचे नसून नुसते बोलायचे आहे, त्याने नव्याची घोषणा होऊ द्यावी आणि मागच्या वर्षीचा घ्यावा. त्याची किंमत तेव्हा उतरते. पण हा सल्ला भक्तांसाठी नाही.

नियम दुसरा. कंपनीने काही काढून घेतले तर आभार मानावेत.

हा नियम नीट समजून घ्यावा, कारण बाकीचे सारे यातून निघतात. २०१६ साली कंपनीने हेडफोनचे भोक बुजवले आणि मंचावरून कारण सांगितले: हिंमत. २०२० च्या ऑक्टोबरात खोक्यातून चार्जर काढला, कारण, पर्यावरण. चार्जर वेगळा विकत मिळतो, तेव्हा पर्यावरणाचे काय होते हे विचारू नये. मी विचारले. पुतण्या म्हणाला, "नाना, खोकं किती बारीक झालं बघा ना!"

हाच पुतण्या नारायणगावच्या आवारात बघावा. काट्यावर कॅरेट चढले की हा काट्याला नाक लावून उभा. पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, मालाची छाट, सगळे बोट ठेवून वाचणार, दहा रुपयांसाठी अर्धा तास गाळ्यावरून हलणार नाही. आडत्याने उद्या पट्टीतून दोन कॅरेट गायब केले आणि "ही आमची हिंमत, शिवाय यात पर्यावरणाचं भलं आहे" असे सांगितले, तर हा त्याची गचांडी धरील. आणि धरावीच. पण पुढच्या हंगामात त्याच आडत्याच्या दारात रात्रभर रांग लावणार नाही. एवढा चोख हिशेबी माणूस एका फळाच्या चित्रापुढे इतका उदार कसा होतो, ते मला अजून उमगलेले नाही.

नियम तिसरा. फोनला पाण्याने काही होत नाही असे सर्वांना सांगावे आणि फोन पाण्याजवळ नेऊ नये. जाहिरातीत तो भिजतो, पण पाण्याने बिघडला तर वॉरंटीत बसत नाही. याच विसंगतीवर इटलीत २०२० साली कंपनीला एक कोटी युरोंचा दंड झाला होता. ठिबकचा फिल्टर धुताना किंवा शेततळ्यावर वाकताना फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात नको. बांधावर, चपलेत ठेवावा. चप्पल लांब ठेवावी.

फोन पुसण्यासाठी कंपनीने २०२१ साली १,९०० रुपयांचे फडके काढले. आमच्याकडे टॉवेल आहे.

बॅटरीचा नियम. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीने कबूल केले की बॅटरी म्हातारी झाली की आम्हीच जुने फोन हळू करतो. ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. लोकांना आधी सांगितले नव्हते, एवढेच. मग माफी मागितली, बॅटरी स्वस्तात बदलून दिली, आणि २०२० ला अमेरिकेतल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंत मोजायची तयारी दाखवली. तोवर कितीतरी भक्त नवा फोन घेऊन मोकळे झाले असतील. तेव्हा सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य बघावे, ८० टक्क्यांच्या खाली गेले असेल तर बॅटरी बदलावी. फोन नव्हे, बॅटरी.

वापरलेला घेत असाल (आळीतले निम्मे तसलेच आहेत, कोणी कबूल करो न करो), तर विकणाऱ्याला समोर बसवून त्याचे खाते फोनमधून काढायला लावा, मगच पैसे द्या. तो "घरी गेल्यावर करतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा. त्याचे खाते राहिले, तर फोन पेपरवेट म्हणूनच उपयोगी.

खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेल्यास फोन बंद ठेवावा, कितीही हजारांचा असो. त्याच्या लहरींचा तिथल्या कामात अडथळा होतो. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेची जाळी आणि पोलादी दोर यांवर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. नव्वदच्या दशकापासून त्या आकाश ऐकत आहेत. आतली यंत्रणा सुधारत नेली, तबकड्या त्याच आहेत. पुतण्याला हे सांगितले, तर त्याने तबकडीपुढे उभे राहून फोटो काढता येईल का, एवढेच विचारले.

रात्रीच्या पाळीला विजेचे आठ तास आले की मोटार चालू करायला जावेच लागते, आणि उसात बिबट्या असतो. तेव्हा हातात मोठी बॅटरी आणि काठी हवी. फोनच्या उजेडावर भागवू नये. फोनवर गाणी मोठ्याने लावावीत. पुतण्या लावतो. अंथरुणात पडल्या पडल्या मला ती ऐकू येतात आणि आवाज बांधाबांधाने पुढे सरकताना कळतो. त्या वेळी तो फोन महाग वाटत नाही. घरी येताना तो गाणे बंद करतो, मग मी कूस बदलतो.

शेवटचा नियम वारशाचा. नवा घेतला की जुना चुलत्याला द्यावा. मला असाच मिळाला आहे, हे सगळे त्यावरच टाइप केले. चार्जर मागितला तर म्हणाला, "नाना, तो खोक्यातच नव्हता."