पोट्ट्याले फोन घ्यायचा आहे

उन्हाळ्यातला नवतपा लागला की आमच्या त्रिमूर्तीनगरात भिंतीवरच्या गप्पा सकाळी सातच्या आत उरकाव्या लागतात. त्यानंतर रस्त्यावर दिसतो तो एक तर कुरिअरवाला, नाहीतर नागपुरात नवीन आलेला माणूस. त्या दिवशी मी नळी घेऊन झाडांना पाणी घालत होते, तर काकू पलीकडून कूलरची ताटी हातात धरूनच भिंतीशी आल्या.

"अवं, तुझ्या घरच्यांले विचार ना जरा. आमच्या धाकट्याले फोन घ्यायचा आहे."

"मॅनेजर झाला म्हणे तो?" ही बातमी दूधवाल्याने मला आदल्या दिवशीच दिली होती, पण ती काकूंच्या तोंडून ऐकायचा मान त्यांना द्यायलाच हवा.

"झाला ना! म्हणून त घोळ झाला. बियाण्याची कंपनी आहे. अर्धा विदर्भ दिला त्याले. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया. अन् मीटिंगले मुंबई, हैदराबाद. आता फोनवरून घरात महाभारत सुरू आहे बापा. पोट्टा म्हणते घडीचा फोन घेतो, पुस्तकासारखा उघडते म्हणे. सून म्हणते कॅमेरा चांगला पाह्यजे. तुझे काका म्हणते, मी तीस वर्षं नोकरी केली, एकदाबी फोन नाई लागला."

काकांचं खरं आहे, पण ते रेल्वेत होते. आमच्याकडचे हे जन्मभर औषध कंपनीची बॅग घेऊन फिरले, त्यामुळे टूरवरच्या माणसाचं फोनवाचून काय होतं ते या घराला ठाऊक आहे. रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग. मागच्याने घसा खाकरला की घरचं बोलणं आटोपायचं आणि स्टॉकिस्टचा नंबर फिरवायचा. मग मोबाइल आला, पण २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या: वणीला पोचलो की दोन रिंगा, जेवलो की एक.

"अन् तीन वाजल्या त?"

"तीन वाजल्या की समजायचं, गाडी चुकली, आता उचल."

काकू हसल्या आणि ताटी भिंतीला टेकवून ठेवली. म्हणजे बैठक लांबणार होती.

"आता माणूस फोन विसरला त उपाशी राह्यते," त्या म्हणाल्या. "तिकीट त्याच्यात, पैसे त्याच्यात, आधार त्याच्यात, हॉटेलचं बुकिंग त्याच्यात. पहिले कसं, पाकीट गेलं तरी चड्डीच्या खिशात शंभराची नोट राहे."

फोन विकणारे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतात, घेणारे हप्ता विचारतात, आणि हे सगळं एकाच चपट्या डबीत कोंबून आपण चंद्रपूरच्या गाडीत बसतो, याचा विचार काउंटरच्या अलीकडेही होत नाही आणि पलीकडेही.

"काकू, कोपऱ्यावरच्या जावयांचं कळलं ना तुम्हाला?"

"कोणत्या? पुण्याच्या? नाई वं! काय झालं?"

कळलं होतं, सगळ्या लेनला कळलं होतं. पण काकूंना दुसऱ्यांदा ऐकायलाही आवडतं. जावई समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन आले. डॅशबोर्डवर काचेला चिकटवलेला महागातला फोन. बाहेर मे महिना. वरून नकाशा सुरू, मागच्या सीटवरच्या मुलांसाठी हॉटस्पॉट सुरू आणि बॅटरी भरायला वायरही लावलेली. वाटेत कारंजाला गुरुमंदिरात दर्शन घ्यायचं ठरलं होतं. कारंजाच्या आसपास फोनने अंग टाकलं. पडद्यावर फक्त सूचना: फोन तापलाय, गार होऊ द्या. नकाशा गेला, उतरायचा फाटा मागे गेला, आणि समृद्धीवर काही गाडी वळवून परत येता येत नाही. दर्शन राहिलं ते राहिलंच.

"सासूनं विचारलं असन, प्रसाद कुठी आहे?"

"विचारलं ना!"

कोणत्या कंपनीचा होता ते मी सांगणार नाही, कारण त्या उन्हात कोणाचाही असता तरी तेच झालं असतं. कंपन्या काही लपवत नाहीत. अ‍ॅपल आपल्या फोनांसाठी बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं लिहूनच देते.

"पस्तीस? अवं, पस्तीस त इथं होळीलेच पार होते!"

तेच तर. आणि बंद उभ्या गाडीच्या आत काय होत असेल ते सांगायला नकोच. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. फोन उन्हात असताना चार्ज करणं तर सगळ्यांत वाईट, कारण चार्जिंगची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. म्हणून विदर्भात फिरणाऱ्याने फोन काचेला लावू नये, एसीच्या झडपेसमोर लावावा आणि उन्हाळ्यात ते जाड रबरी कव्हर काढून ठेवावं. सगळ्यांत पातळ फोनाच्या मागे तर लागूच नये. पातळ फोनात बॅटरीला जागा कमी आणि उष्णता पसरायलाही जागा कमी. पडदा भर दुपारी शेतात वाचता येतो की नाही, हेही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. दुकानाबाहेर येऊन उन्हात धरून पाहायचा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान, बर्डीच्या बाजारात काय तोटा आहे?

"अन् तो घडीचा?"

"घडीच्या फोनाला बिजागरी असते काकू. आणि तुमचा मुलगा जाणार वणी, घुग्घुसच्या रस्त्याने. तिथली कोळशाची भुकटी तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना, माझी मावसबहीण दिली घुग्घुसले. सकाळी धुतलेली चादर संध्याकाळी पुन्हा धुवा लागते."

फोनाच्या खोक्यावर आयपी ६८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. धुळीच्या पट्टीत ६ हा वरचा आकडा, म्हणजे आत धूळ शिरतच नाही. पाण्याचा आकडा सगळे विचारतात, धुळीचा कोणी नाही. बहुतेक घडीचे फोन इथेच मार खातात. सीईओंना शोभतात ते. बियाण्याच्या गोदामात, जिनिंगमध्ये त्यांचं काम नाही.

एवढ्यात काका ब्रश तोंडात घालून मागच्या दारात आले. रेल्वेत ते डब्यांच्या वायरिंगवर होते. त्यामुळे चार्जिंग हा शब्द कानावर पडल्यावर त्यांना आत थांबवणार कोण? चूळ भरून थेट भिंतीशी.

"त्याले सांगा, दुरांतोत बसल्याबरोबर फोन लाव. झोपताना लावीन म्हणशील त बसशील बोंबलत. रात्री अकरा ते पहाटे पाच सॉकेट बंद करतात."

"काऊन?" काकूंनी विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात बहुधा पहिल्यांदा.

"आग लागते म्हणून. रात्रभर लावून लोक झोपून जाते. २०२१ पासून कडक केलं. अन् डब्यातलं सॉकेट ११० व्होल्टचं राह्यते, घरच्यासारखं २३० चं नाई. चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० लिहिलं असन तरच तो तिथं चालन."

ही माहिती दुकानात कोणी देत नाही. चार्जर स्वस्तातला घेतला की ती बारीक अक्षरंही नसतात आणि वरून तो तापतो. फोन टाइप-सीचा असला की एकाच चार्जरवर फोन, लॅपटॉप, कानात घालायचं ते यंत्र, सगळं भागतं. २०२३ पासून आयफोनही त्याच वायरवर आला. टूरवरच्या माणसाच्या बॅगेतून दोन वायरी कमी झाल्या, हे मला तरी नव्या कॅमेऱ्यापेक्षा मोठं वाटतं.

पॉवर बँक मात्र पाहिजेच, आणि इथे काकांनी हिशेबच मांडला. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची चालते, तीही हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत टाकली तर सोनेगाव विमानतळावर बॅग उघडायला परत बोलावतील. वीस हजार एमएएचची बँक म्हणजे २० गुणिले ३.७, झाले ७४. बसली हद्दीत. तीस हजारवाली घेतली की १११, मग एअरलाइनची परवानगी काढत बसा. आणि आकडे पुसट झालेली जुनी बँक नेऊच नये, वाद घालायला वेळ नसतो.

"एवढं गणित तुम्ही पोराच्या दहावीत शिकवलं असतं त..." काकू म्हणाल्या. काका ब्रश धुवायला गेले.

तेवढ्यात आमच्या व्हरांड्यातून पेपरामागून आवाज आला. हे सकाळी पेपर वाचत असतात, पण भिंतीवरचा एक शब्द सुटत नाही. "त्याला विचारा, फोन मुंबईसाठी घेतोय की भामरागडसाठी?"

प्रश्न बरोबर जागी बसला. नागपूरचा फिरता माणूस दोन दिशांना जातो. पश्चिमेला मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरची समृद्धी, टॉवर, विमानतळ, कोपऱ्याकोपऱ्यावर सर्व्हिस सेंटर. तिकडे कोणताही फोन चालतो. दुसरी दिशा गडचिरोलीची. एटापल्ली, सिरोंचा, भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, तिथे पडद्याचा रंग कसा आहे हे कोण पाहतो? परीक्षा तिकडची असते, आणि जाहिराती सगळ्या इकडच्या.

"त्या भागात बीएसएनएलचं एक सिम ठेवायचंच," हे आतूनच म्हणाले. २०२५ च्या सप्टेंबरात बीएसएनएलने स्वदेशी यंत्रणेवरची ४जी सुरू केली, पण ती ज्या लहरींवर येते त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. तो फोनात हवा. त्याचं नाव बँड २८. आजचे बहुतेक फोन घेतात, पण कोणी दुबईहून आणलेला, नाहीतर भावाने वापरून दिलेला फोन असेल तर पाहून घ्यावं. दुकानदार '५जी आहे, ५जी आहे' म्हणून नाचतो. भामरागडच्या रस्त्यावर ५जी घेऊन काय करणार?

दोन सिमांवरून मग भिंतीवर चांगलीच जुंपली. सुनेचं म्हणणं, दोन्ही ई-सिम घ्या, नवीन आहे, चोराला काढता येत नाही. म्हणणं खोटं नाही. चोराने फोन नेला तर साधं सिम तो पहिल्यांदा काढून फेकतो, ई-सिम मात्र आतच राहतं आणि फोन बंद होईपर्यंत माग लागतो. पण उलटं पाहा. एटापल्लीत फोन पडला, पडदा फुटला. साधं सिम असेल तर टाचणीने काढून ड्रायव्हरच्या फोनात घालता येतं, ओटीपी येतो, काम चालतं. ई-सिम नव्या फोनात आणायला इंटरनेट लागतं, आणि त्या जागी तेच तर नसतं. आयफोन एअरमध्ये सिमची खाचच ठेवली नाही. दिसायला सुंदर आहे, पण गडचिरोलीच्या टूरला मी तो देणार नाही. एक ई-सिम, एक प्लास्टिकचं. काकूंनी लगेच मान डोलावली, सून चुकली एवढं त्यांना पुरेसं होतं.

"अन् मी सांगतो, एक बटनांचा फोन बॅगेत टाका," काका पुन्हा बाहेर आले. "दोन हजारांत येते. बॅटरी दिवसेंदिवस पुरते."

यावर कोणी हसलं नाही, कारण आमच्या ह्यांच्या कंपनीतली मुरलेली माणसं आजही तेच करतात. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आणलं, बटनांच्या फोनावरूनही पैसे देता येतात. मोठा फोन मेला तरी धाब्यावर जेवण मिळतं. तरी काकूंचा शंभराच्या नोटेवरचा विश्वास ढळला नाही.

फोन हरवला तर? तो भाग काकांनी आधीच केला होता. मोठ्या मुलाच्या फोनात स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला आयएमईआय नंबर त्यांनी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला आहे, मागच्या वर्षीच्या. नवं कालनिर्णय आलं तेव्हा जुनं रद्दीत जाऊ दिलं नाही. २०२३ पासून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हा नंबर आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत दिली की फोन देशभर बंद पाडता येतो. नंबर फक्त फोनातच साठवून ठेवणारे शहाणे आमच्या लेनमध्येच तीन घरं सापडतील.

साडेसात झाले, ऊन भिंतीवर आलं. आता बिलाचं राहिलं होतं. पैसे कंपनी देणार, मग बिल कंपनीच्या नावावर, जीएसटी नंबर टाकून घ्यायचं. मोबाइलवर १८ टक्के कर. २३,६०० च्या फोनात ३,६०० कराचे, ते कंपनीला हिशेबात वळते होतात. मुलाच्या नावाने बिल फाडलं की ते गेले. आणि बाकीचं काकूंनीच ठरवून टाकलं: घडीचा नाही, जाड बॅटरीचा, धुळीला दाद न देणारा, दोन सिमांचा. कॅमेरा जसा येईल तसा. "शेतातल्या कपाशीचे फोटो त काढायचे, काही लग्न नाई कोणाचं."

संध्याकाळी धाकटा गाडीला किक मारून बर्डीला निघाला, मागे सून. काकू फाटकातून ओरडल्या, "अन् ती काच दुकानातून लावू नको रे! पाचशे घेते तो. बाहेर फुटपाथवर शंभरात लावून देते, मी पाह्यलं आहे!"