कॅलिब्रेशनकाका

ज्या गावाच्या माथ्यावर पाखरांखेरीज काहीही उडवायची मुभा नाही, त्या गावात राहून ड्रोन बाळगणारा माणूस एकतर गुन्हेगार असतो, नाहीतर आमचे कॅलिब्रेशनकाका.

ट्रॉम्बे म्हणजे एका अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र, दुसऱ्या अंगाला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, मध्ये खतकारखाना आणि औष्णिक वीज केंद्र. २०२१च्या ड्रोन नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग पाडले. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघत असतातच. हिवाळ्यात खाडीत उतरणारे फ्लेमिंगो तेवढे कुणाला न विचारता येतात. काका कायद्याला मानणारे आहेत. त्यामुळे ड्रोन घरात आल्यापासून त्यांनी तो ट्रॉम्बेत एकदाही उडवलेला नाही. पण तो कोणत्याही क्षणी उडू शकेल अशा अवस्थेत ठेवायचा, हे व्रत मात्र ते रोज पाळतात.

काका एका सरकारी आस्थापनेच्या उपकरण विभागातून निवृत्त झाले. कुठे होते हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. काय करत होते हे काकूंनाही नाही. "सांगता येणार नाही," एवढंच ते सांगतात, आणि तेही डावीउजवीकडे बघून. तिथून त्यांनी बरोबर आणला तो एकच सिद्धांत: जगातलं प्रत्येक यंत्र खोटं बोलतं, आणि ते कितीने खोटं बोलतं हे शोधणं हे सज्जन माणसाचं काम आहे. सोसायटीच्या ऑफिसातलं घड्याळ ते आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावतात. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की खिशातला कागद काढून घरच्या यंत्राचा आकडा शेजारी लिहितात आणि डॉक्टरांकडे सहानुभूतीने बघतात. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी बारा महिन्यांनी व्हावी लागते आणि साध्या वजनांची चोवीस, हे भाजीवाल्याला काकांकडून कळलं. तेव्हापासून काकांना कोथिंबीर फुकट मिळते, पण लवकर मिळते. ते गाडीसमोर जास्त वेळ उभे राहिलेले त्याला परवडत नाहीत.

ड्रोन आला तो सॅन होजेहून. परदेशी ड्रोनच्या आयातीवर २०२२च्या फेब्रुवारीत बंदी आली, त्याच्या आधीच काकांच्या मुलाने तो बॅगेतून आणला होता. वजन २४९ ग्रॅम. अमेरिकेत हौशी ड्रोनच्या नोंदणीची मर्यादा २५० ग्रॅम, म्हणून कंपनीने एका ग्रॅमने पाय मागे घेतलेला. आपल्याकडेही २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन सर्वांत हलक्या, 'नॅनो' वर्गात मोडतो. काकांनी तो भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवला. काट्याने २५० दाखवले. नियमात '२५०पर्यंत' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही काकांना रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते सोनाराकडे गेले. सोनाराने ड्रोन तराजूत ठेवला, चष्मा कपाळावर घेतला आणि सवयीने विचारलं, "मोडायचाय का?"

त्यानंतर सुरू झालं ते कॅलिब्रेशन. या यंत्राच्या पोटात चुका करू शकतील अशा बऱ्याच गोष्टी आहेत, हे कळल्यावर काकांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा टवटवी आली.

पहिलं होकायंत्र. ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घ्यायची, मग त्याचं नाक खाली करून दुसरी. पहाटे गच्चीवर काका अशा फेऱ्या घेतात तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या आजी हात जोडतात. त्यांना हा सूर्योपासनेचा प्रकार वाटतो. पण गच्ची म्हणजे स्लॅब आणि स्लॅब म्हणजे लोखंडाच्या सळया. लोखंडाजवळ होकायंत्राला शिकवायला बसलं, तर ते त्या लोखंडाचीच भर खरी मानून लक्षात ठेवतं. मग मोकळ्या हवेत गेल्यावर ड्रोनला आपण कुठे आहोत हे उपग्रह एक सांगतात आणि तोंड कुठे आहे हे होकायंत्र दुसरंच. तो बिचारा एका जागी स्थिर राहायच्या खटपटीत वाढत्या गिरक्या घेत सुटतो. हे वाचल्यावर काका गच्चीवर लाकडी पाटावर उभे राहू लागले. चार दिवसांनी पाटाला खिळे आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल हे सगळं आधीच उतरवलेलं असायचं. एकदा काकू चहा घेऊन वर आल्या तर काका ओरडले, "तिथेच थांब! लोखंड!" काकू म्हणाल्या, "मंगळसूत्र सोन्याचं आहे." काका म्हणाले, "बांगडीत सेफ्टी पिना किती आहेत?" त्या हातभर अंतरावरून काही बिघडवणार नव्हत्या, पण चहा जिन्यातच गार झाला.

दुसरं आयएमयू, म्हणजे ड्रोनचा तोल आणि हालचाल ओळखणारा भाग. यासाठी सपाट, न हलणारी जागा लागते आणि यंत्र तापलेलं नसावं लागतं. सपाट जागा म्हणून काकांनी सोसायटीचा कॅरम बोर्ड निवडला, त्यावर गवंड्याकडची पाणसळ ठेवली आणि बोर्डाच्या एका पायाखाली पत्त्यांतली चौकट दुर्री सरकवली. तेव्हापासून आमच्याकडे कॅरमची सोंगटी सरळ जाते आणि पत्त्यांचा डाव एकावन्न पानांत होतो. 'यंत्र गार असावं' या वाक्याचा अर्थ काकांनी एकदा फारच मनावर घेतला. काकूंना ड्रोन फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी सापडला. फ्रीजमधून काढल्यावर त्यावर दव धरणार, हे त्या माउलीला उपकरण विभागात एक दिवसही न घालवता समजलं.

तिसरं गिम्बल, म्हणजे कॅमेऱ्याला सरळ धरणारी मान. चित्रात क्षितिज तिरकं आलं की ती सरळ करायची. काकांच्या ड्रोनने तोवर क्षितिज पाहिलेलंच नव्हतं. त्याने पाहिलं होतं ते कॅरम बोर्डाचं.

आणि हे सगळं जमून आलं तर मग सूर्य. सौर वादळांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, आणि ते किती ढवळलंय हे सांगणारा 'केपी' नावाचा शून्य ते नऊ असा आकडा असतो. पाच झाला की वादळ. काका तो रोज सकाळी जिन्यातल्या फळ्यावर लिहितात, पाण्याच्या वेळेच्या खाली. १० मे २०२४च्या रात्री तो नऊपर्यंत गेला आणि लडाखमधल्या हानलेहून तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला. काकांनी त्या रात्री ड्रोन संरक्षणासाठी लोखंडी कपाटात बंद केला. सकाळी, तो लोखंडी कपाटात राहिला म्हणून, त्याचं होकायंत्र पुन्हा लावलं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा ड्रोनने जमिनीच्या मोजणीची कामं करतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि पुढे ते काम सगळीकडे पसरलं, त्या पिढीतला. तो एकदा धीर करून म्हणाला, "काका, रोज लागत नाही हो. अ‍ॅपने मागितलं तर होकायंत्र. ड्रोन आपटला, अपडेटनंतर तक्रार आली किंवा जमिनीवरच वाकडा वागला, तर आयएमयू. एरवी हात लावायचा नाही."

काकांनी शांतपणे पुस्तिका उघडली. डीजेआय कंपनीच्या अनेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं: मागच्या उड्डाणाच्या जागेपासून पन्नास किलोमीटरहून लांब गेलात, किंवा तीस दिवसांत उडवला नसेल, तर होकायंत्र लावावं. "तीस दिवसांत उडवलाय का मी?" काकांनी विचारलं. मुलगा गप्प. "मग आज लावायला हवं की नको?" नियमाप्रमाणे बरोबर होतं. जो ड्रोन कधीच उडत नाही, त्याचे तीस दिवस रोजच उलटलेले असतात.

वर काका अलिबागचा दाखला देतात, आणि तो दाखला खरा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१पासून चालू होती. १८५९च्या सप्टेंबरातलं प्रचंड सौर वादळ तिथल्या नोंदींत सापडतं. मग मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूया बिथरणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. इमारत अशा दगडाची आणि धातूंची, ज्यांना चुंबक ओळख देत नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं, आकडे ताडून पाहिले, आणि १९०६मध्ये कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबवली. "बघा," काका म्हणतात, "एका सुईसाठी किती काळजी!"

काळजी होतीच. पण मूससाहेबांनी कुलाब्यात राहून, ट्रामच्या शेजारी, रोज पहाटे सुई नव्याने लावत बसायचा मार्ग पत्करला नाही. त्यांनी जागा बदलली. हा मुद्दा काकांपुढे मांडला तेव्हा ते म्हणाले, "त्यांना सरकारी जागा मिळाली. मला ही गच्ची आहे."

शेवटी मोजणीवाल्या मुलानेच जागा शोधली. कर्जतच्या पुढे, नकाशात हिरवं दिसणारं, त्याच्या मामांचं शेत. निघण्याआधीच वाद झाला. ट्रॉम्बेहून ते शेत रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या वर आणि कावळ्याच्या वाटेने पन्नासच्या आत. पुस्तिकेला कोणते पन्नास अभिप्रेत आहेत? ड्रोन हवेतला, म्हणून हवेतलं अंतर धरावं, असं मुलगा म्हणाला. ड्रोन आला आहे कारने, असं काका म्हणाले. शेतात उतरल्यावर अ‍ॅप काहीच मागत नव्हतं. होकायंत्र ठीक, आयएमयू ठीक, उपग्रह भरपूर. तरी काकांनी फेऱ्या घेतल्या, तेही कारच्या दारापाशी, कारण ऊन होतं. मुलाने काही न बोलता त्यांना दंडाला धरून पेरूच्या झाडापर्यंत नेलं आणि पुन्हा फेऱ्या घ्यायला लावल्या. मग पाणसळ. मग गिम्बल. पहिली बॅटरी अशीच संपली. दुसरी घातली तेव्हा काका केपीचा आकडा बघायला नेटवर्क शोधत बांधावर गेले होते. मामांच्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "हे बटण दाबू?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

ड्रोन सरळ वर गेला, माणसाच्या दुप्पट उंचीवर थांबला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. गिरकी नाही, डुलणं नाही. काका बांधावरून धावत आले. मुलगा म्हणाला, "बघा काका, काही बिघडलं होतं का?" काकांनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं. "कसं बिघडेल?" ते म्हणाले. "रोज लावतो मी."

या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि म्हणूनच कॅलिब्रेशनकाका प्रत्येक सोसायटीत असतात. कुणाकडे ड्रोन असतो, कुणाकडे दुर्बीण, कुणाकडे जन्मभर जुळवत ठेवलेला तानपुरा. तयारी ही त्यांच्यासाठी कामाची पहिली पायरी राहिलेली नसते, तेच काम झालेलं असतं. शिवाय तयारीत अपयश नाही: उडवलं तर पडण्याची भीती, लावत बसलं तर फक्त बॅटरी संपते.

वाचकहो, तुमच्या घरी ड्रोन असेल तर एवढं लक्षात ठेवा. भाजीवाल्याच्या काट्याला तारीख असते, ड्रोनला प्रसंग लागतो. अ‍ॅपने मागितलं, फार लांब आलात, महिनाभर उडवला नाही, किंवा पडला, तर लावा. आणि लावाल तेव्हा लोखंडापासून, गाडीपासून आणि गच्चीपासून दूर जाऊन एकदाच नीट लावा. बाकीच्या दिवशी, परवानगी असेल तिथे, उडवा. ट्रॉम्बेत मात्र उडवू नका. इथे हल्ली फ्लेमिंगोंकडेही काका जरा संशयाने बघतात.