फोटूभाऊ

कुठल्याही मैफलीत बसणारे असतात, उभे राहणारे असतात, आणि या दोघांच्या मधून कंबरेत वाकून, 'सॉरी, सॉरी' पुटपुटत खेकड्यासारखा आडवा सरकणारा एक असतो. तो फोटूभाऊ. त्याच्याकडे तिसऱ्या रांगेचं रीतसर तिकीट असतं, पण त्या खुर्चीवर कार्यक्रमभर त्याची बॅग बसते. शेजारचे लोक तिच्याकडे मत्सरानं बघतात. एवढ्या पुढून गाणं ऐकायचं भाग्य, आणि तेही एका रेक्झिनच्या बॅगेला!

पुण्यात असे भाऊ पोत्यानं मिळतात. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालापासून चालू आहे, तेव्हा तिथल्या फोटूभाऊंच्या आता पिढ्या झाल्या आहेत. आमच्याकडे वेरूळ-अजिंठा महोत्सवाला सोनेरी महालासमोर दहा-बारा दिसतात. महाल मागं, गायक पुढं आणि चंद्र कोपऱ्यात असा एकच फोटो सगळे जण काढतात आणि मग एकमेकांना दाखवतात. पण आमचे भाऊ राहतात पैठण रोडला, चितेगावात, आणि त्यांना वेड आहे जॅझचं. चितेगावात कंपन्या मिळतात, कंपन्यांच्या बसा मिळतात, जुनी मोटार आणि नवा प्लॉट मिळतो. जॅझ ऐकायचा तर मुंबई गाठावी लागते, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. माणसानं छंद घराजवळचा धरावा हे भाऊंना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

भाऊ तरुणपणी टीव्हीच्या कारखान्यात होते. व्हिडिओकॉनचा पत्ताच मुळी 'औरंगाबाद-पैठण रोड, १४ किलोमीटरचा दगड' असा असायचा, त्यामुळे चितेगाव म्हणजे टीव्ही हे समीकरण आमच्या डोक्यात पक्कं आहे. भाऊंच्या हाती होतं रंग जुळवायचं काम. तेव्हाचे टीव्ही काचेच्या नळीचे. लाल, हिरवा आणि निळा हे तीन किरण नेमके एका जागी पडले नाहीत तर बातम्या देणाऱ्या बाईंना तीन नाकं दिसायची. भाऊ मागून पेचकस फिरवून ती नाकं एक करायचे. काम सुटलं, काचेची नळी इतिहासजमा झाली, पण नजर गेली नाही. भाचीला बघायला आलेल्या मुलाबद्दल घरात सगळे नोकरी, शेती, स्वभाव यांवर बोलत होते. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मुलगा चांगलाय. जरा मॅजेंटाकडं झुकायलाय."

त्यामुळे आजच्या रंगमंचावरचे एलईडी दिवे हे भाऊंचं खरं दुःख. गायक जांभळा, तबलजी हिरवा, आणि तानपुऱ्यावरची बिचारी शिष्या निम्मी निळी, निम्मी अंधारात. पूर्वी भाऊंच्या कॅमेऱ्याचा आरसा उचलताना 'खटॅक' वाजायचा आणि आलापात बसलेले चाळीस लोक एकदम मान वळवायचे. मग त्यांनी बिनआवाजाचा नवा कॅमेरा घेतला, तर त्यात फोटोभर आडवे पट्टे यायला लागले. बाकीचे फोटोवाले हवालदिल. भाऊ मात्र खूश. "अहो, हे एलईडी सारखे लुकलुक करायलेत, आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढंच. कॅमेरा चित्र ओळी-ओळीनं वाचायलाय. जी ओळ वाचताना दिवा मंद, ती काळी. टीव्हीचा फोटो काढला की असंच व्हायचं बगा!" एवढं बोलून त्यांनी सगळे पट्टेदार फोटो जपून ठेवले. वहिनी म्हणतात, खराब फोटो जपायचे आणि लग्नाचा अल्बम माळ्यावर ठेवायचा, ही कुठली रीत?

जॅझ भाऊंना लागला तोही टीव्हीतूनच. 'अलबेला' लागला होता. १९५१ चा, भगवानदादांचा. सगळं घर भगवानदादांचे पाय बघत होतं आणि भाऊ बघत होते मागं झालरीच्या बाह्या घालून ट्रम्पेट वाजवणाऱ्या गड्याला. तो गडी म्हणजे चिक चॉकलेट. मूळचा गोव्याचा, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत त्याला लुई आर्मस्ट्राँगचा अवतार समजत. आणि त्याला घेऊन चाली बांधणारे सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, जन्म पुणतांब्याचा. हा पुणतांब्याचा तपशील भाऊंना इतका प्रिय आहे, की त्यांच्या मते जॅझचा उगम न्यू ऑर्लिन्सला झाला असेल, पण मुक्काम नगर जिल्ह्यात होता. कुणी हसलं की ते म्हणतात, "हसा. पण गोदावरी पुणतांब्याहून पैठणलाच येते ना?" याला उत्तर नाही.

मुंबईला जाणारा आमचा कंपू चौघांचा. भाऊ, मी, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, ज्यांना आम्ही 'यात्राकाका' म्हणतो, आणि काकांचा पुतण्या, जो सगळा कार्यक्रम मोबाइलवर उतरवतो आणि कधीही पुन्हा बघत नाही. यात्राकाकांची यात्रा पंढरीची नव्हे, जॅझ यात्रेची. निरंजन झवेरी आणि मंडळींनी १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरवली तेव्हा काका बदलीवर मुंबईत होते आणि धोबीतलावच्या रंगभवनात त्यांनी सॉनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला. त्यानंतर जगात जे काही वाजलं ते काकांच्या मते वाजवायला नको होतं. आज कुणीही कितीही चांगलं वाजवो, काका मध्यंतरात चहाचा घोट घेऊन "बरंय" एवढंच म्हणतात. त्या 'बरंय'मध्ये अख्खा १९७८ असतो. भाऊंची आणि त्यांची जुनी तक्रार अशी, की काकांनी रॉलिन्स ऐकला पण फोटो एकही काढला नाही. "पुरावा काय?" हे भाऊ विचारतात आणि मनमाडपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही.

वहिनींनी दिलेल्या दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी भाऊंच्या बॅगेतच असते, कारण बॅगेला भिंगांसाठी केलेले मऊ कप्पे आहेत आणि दशमी मोडत नाही. एकदा सभागृहाच्या दारात सुरक्षारक्षकानं बॅग उघडायला लावली. पहिल्या कप्प्यात भिंग. दुसऱ्यात भिंग. तिसऱ्यात काळ्या गोल डबीत ठेचा. रक्षकानं डबी हलवली, वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. वरिष्ठांना बोलावणं गेलं. वरिष्ठ सांगलीकडचे निघाले. त्यांनी बोटावर घेऊन चाखला आणि फर्मावलं, "कॅमेरा आत जाणार नाही. हे जाऊ द्या." मोठ्या सभागृहांत फोटोला बंदी असते हे भाऊंना माहीत असतं, तरी ते दर वेळी कॅमेरा घेऊन जातात, दारात जमा करतात आणि मग आत मोकळ्या हातांनी बसून अस्वस्थ होतात. उघड्यावरच्या कार्यक्रमात मात्र त्यांना रान मोकळं.

आता खरा मुद्दा. आम्हां तिघांचं फार दिवस मत होतं, की भाऊ ऐकत काहीच नाहीत. डोळा भिंगाला, बोट बटणावर, मन उजेडात. कान कुठं असणार? यात्राकाका तर म्हणायचे, की याला बहिऱ्यांच्या शाळेत नेलं तरी फोटो तेच येतील. मग एकदा मला त्यांच्या पायाशी, अगदी शब्दशः, बसायची वेळ आली. पुढं गवतावर जागा होती, भाऊ गुडघा टेकून फोटो काढत होते आणि माझ्या नाकासमोर त्यांचा सँडलमधला अंगठा होता. तो अंगठा हलत होता. उगीच ठेक्यावर नाही, मोजून.

जॅझमधल्या बऱ्याच जुन्या गाण्यांचा सांगाडा बत्तीस मापांचा असतो, चार-चार ठोक्यांचं एक माप. आठ मापं एक चाल, पुन्हा तीच आठ, मग आठ निराळी आणि शेवटी परत पहिली. हे आवर्तन फिरत राहतं आणि त्याच्यावर एकेक वादक आपापली कल्पना लढवतो. भाऊंचे हात कॅमेऱ्यात गुंतलेले, म्हणून पेरांचं काम त्यांनी अंगठ्याकडे दिलेलं. बत्तिसावं माप संपत आलं की अंगठा आत दुमडायचा आणि कॅमेरा, सॅक्सोफोनवाल्याला सोडून, पियानोवाल्याकडे वळायचा. त्याच क्षणी सॅक्सोफोनवाला तोंडातलं वाद्य काढून पियानोवाल्याकडे बघायचा: घे, आता तुझं. अर्ध्या सेकंदाचा मामला. भाऊंना तो हवा असतो. घेणाऱ्याचा चेहरा.

पेपरवाले पहिल्या दोन-तीन गाण्यांत फुगलेले गाल आणि घामेजलेलं कपाळ टिपून निघून जातात. त्यांना तेवढंच लागतं. भाऊ म्हणतात, "वाजवणाऱ्याचा फोटो कुणी पण काढंल. दुसरा वाजवताना जो ऐकायलाय, त्याचा काढा." ख्यालाच्या मैफलीतही त्यांचं हेच. समेवर गायकाचा हात पडतो तेव्हा सगळे कॅमेरे एकदम उडतात. भाऊंचा आधी उडतो. त्यांचं म्हणणं, सम ऐकू आल्यावर बटण दाबलं तर फोटो समेनंतरचा येतो. समेचा हवा तर ती येणार हे आधी कळलं पाहिजे. हे मी यात्राकाकांना सांगितलं. काका बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरंय." पण हे 'बरंय' जरा निराळं होतं.

मुंबईचं जाणं वर्षातून जमेल तेव्हा. मधल्या काळात भाऊंनी भूक भागवायची कशी? तर लग्नाच्या बँडवर. पैठण रोडला मंगल कार्यालयांना तोटा नाही, आणि तिथं ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, एखाद्या बँडात सॅक्सोफोन आहे. न्यू ऑर्लिन्सला तरी काय वेगळं होतं? तिकडं मयताच्या मिरवणुकीत बँड असतो. जाताना रडवतो आणि येताना नाचवतो. आपल्याकडे लग्नात दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. एका नातेवाइकानं भरवशानं भाऊंना लग्नाचे फोटो काढायला सांगितलं. भाऊंनी पैसे घेतले नाहीत, हे त्यांचं नशीब. अल्बम आला तेव्हा त्यात क्लॅरिनेटवाले मास्तर होते. मास्तर डोळे मिटून. मास्तर वराच्या घोड्याकडे संशयानं बघताना. मास्तरांची पट्ट्यांवरची बोटं, अगदी जवळून, नखातल्या मळासकट. नवरी दोन फोटोंत होती, आणि एकात तिच्या मुंडावळ्या तेवढ्या स्पष्ट होत्या, कारण त्यांच्या पलीकडं मास्तर होते. ते घर अजून भाऊंना लग्नपत्रिका पाठवतं, पण वर पेनानं लिहितं: 'कॅमेरा आणू नये.'

मास्तर मात्र भाऊंवर खूश. साठीला आलेला हा माणूस. त्यांचा फोटो आजवर कुणी काढला तो नवरदेवाच्या मागं धूसर. भाऊंनी त्यांना एका दुपारी बँडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाठलं, कारण डोक्यात हर्मन लेनर्ड शिरला होता. लेनर्डनं १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात डेक्स्टर गॉर्डनचा फोटो काढला, त्यात सिगारेटच्या धुराचा ढगच्या ढग मागून उजळला आहे. भाऊंना तसा धूर पाहिजे होता. मास्तर माळकरी, सिगारेट सोडा, सुपारी नाही. मग भाऊंनी घरून धुपाटणं आणलं, निखाऱ्यावर मूठभर ऊद टाकला, मागून सायकलच्या टायरवर टॉर्च टेकवली आणि म्हणाले, "वाजवा." शेडमध्ये पांढरं झालं. ढोलवाला दारातून डोकावून म्हणाला, "भाऊ, वाजवायचं हाय का मास्तरच्या अंगात आणायचंय?"

मास्तरांनी यमन धरला. खोकला येईपर्यंत उत्तम वाजला. त्या तेवढ्यात भाऊंनी जो फोटो काढला तो खरोखर झकास आहे, यात्राकाकासुद्धा तो दोनदा बघून गेले. धुरात अर्धा चेहरा, टोपीवरची जर चमकलेली, डावा हात वर, उजवा खाली, आणि डोळे मिटलेले नाहीत. बाजूला, दिसत नसलेल्या ढोलवाल्याकडे लागलेले.

मास्तरांनी तो थेट फ्लेक्सवाल्याला दिला. आठवड्यात चितेगाव फाट्यावर फ्लेक्स लागला: मास्तर, मागं धूर, धुरात फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं घातलेले दोन मोर, खाली ऑर्डरसाठी नंबर, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत भाऊंचं नाव, तेही चुकीचं. आम्हाला वाटलं, आता भाऊ मोरांवरून भडकणार. मोरांकडं त्यांनी बघितलंही नाही. ते बोटं बघत होते. नंबरला जागा हवी म्हणून फ्लेक्सवाल्यानं फोटो उलटा फिरवला होता. उजवा हात वर गेला होता, डावा खाली.

"असं क्लॅरिनेट जगात कुणी धरत नाही," भाऊ म्हणाले.

मास्तर म्हणाले, "राहू द्या भाऊ. वरात काढणाऱ्याला कशाला कळायलंय? सकाळपासून दोन फोन आले."

भाऊंनी राहू दिलं नाही. फ्लेक्सवाल्याला दुकानातून फाट्यावर आणलं, डांबराच्या कडेला उभं केलं आणि कुठला हात कुठं असतो हे माझ्या छत्रीवर दाखवलं. फ्लेक्सवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा भाऊंकडं, आणि शांतपणे म्हणाला, "मालक, मागून बगा की. उन्हात पलीकडून आरपार दिसतंय, एकदम बरोबर."

भाऊ क्षणभर थांबले आणि कॅमेरा सावरत मागं गेले.